आधी आडनाव, मग गाव

माझ्या पहिल्या नोकरीत ज्यांनी मला फायलींना नावं द्यायला शिकवलं, त्यांना माझं नाव शेवटपर्यंत लक्षात राहिलं नाही. सर मला आत्या म्हणायचे. वयाने ते माझ्या वडिलांच्याही पुढचे आणि मी नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. तरी ऑफिसात मी आत्या होते आणि बाहेरच्या माणसांसमोरही आत्याच होते. एकदा कुरिअरवाल्याने माझ्या नावाचं पाकीट आणलं, तेव्हा सरांनी 'इथे असं कोणी नाही' म्हणून ते परत पाठवलं. मी समोरच बसले होते. समोरचा माणूस इतक्या खात्रीने बोलत असला की मला वाटायचं, असेल, आपणच नसू.

ऑफिस अंबडला, एका प्रेस टूलच्या वर्कशॉपच्या डोक्यावर होतं. खाली प्रेस पडला की वर कपातला चहा हलायचा. द्राक्षांची कोल्ड स्टोरेजं आणि वायनरी यांच्यासाठी आम्ही तापमानावर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर करायचो. माणसं मोजकीच: मालक, सर, मी आणि माझ्या वयाचे दोघे. त्यांतल्या एकाला सर 'चष्मा' म्हणत आणि दुसऱ्याला 'दुसरा'. दुसऱ्यालाही चष्मा होता.

माझा इंटरव्ह्यू सरांनीच घेतला. आमच्या शाळेत आणि कॉलेजात इंटरव्ह्यूची इंग्रजी उत्तरं घोटून घेतलेली होती. सरांनी त्यांतला एकही प्रश्न विचारला नाही.

"कॉलेजच्या प्रोजेक्टमधल्या फायलींची नावं सांग."

मी सांगितली. टेम्प. न्यू टेम्प. फायनल. फायनल टू.

"टेम्प म्हणजे?"

"टेम्पररी, सर."

"मग आता पुसलंस की आहे अजून?"

"आहे."

"असणारच. तात्पुरतं म्हणून आलेलं कधी जात नाही. मीही इथे तात्पुरताच आलोय."

हा विनोद नव्हता. सर ज्या कारखान्यात होते तो बंद पडला, तेव्हा मालकांच्या वडिलांनी त्यांना 'दुसरं मिळेपर्यंत इथे बसा' म्हणून आणलं होतं. पुढे ते वडील गेले, मालकांचे स्वतःचे केस पिकायला लागले, आणि सर बसलेलेच होते. रोज सकाळी सिन्नरहून जीपने यायचे, संध्याकाळी जीपनेच जायचे, आणि पगार घेताना दर वेळी थोडे लाजायचे.

सरांचा सगळा जीव एकाच गोष्टीत होता, आणि ती सांगितल्याशिवाय सर सांगता येणार नाहीत. सर्व्हरवर आमचे काही छोटे प्रोग्रॅम एकाच वेळी चालायचे. एक सेन्सरकडून तापमान घ्यायचा, एक ते स्क्रीनवर दाखवायचा, एक तापमान वाढलं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मेसेज धाडायचा. सगळ्यांना लागणारा आकडा एकच. म्हणून मेमरीतला एक तुकडा सगळ्यांसाठी सामायिक ठेवतात. सर्व्हरला तो फाइलसारखा दिसतो आणि त्याला एक नाव असतं. ज्या प्रोग्रॅमला ते नाव माहीत आहे, तो तिथे जाऊन वाचतो किंवा लिहितो.

"ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फळा समज," सर सांगायचे. "कोण लिहितंय ते फळ्याला कळत नाही. दोघांनी एकाच फळ्यावर लिहिलं तरी फळा तक्रार करत नाही. शेवटी ज्याने लिहिलं ते खरं. त्या बिचाऱ्याला नावाशिवाय दुसरं काही नाही."

म्हणून नावाची रीत होती. आधी आडनाव, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घराण्याचं; मग गाव; मग चेंबरचा नंबर; मग काम. आडनाव आधी अशासाठी की सफाईच्या वेळी एका घराची सगळी पिलावळ एका हुकमात पुसता यावी आणि शेजारच्या घराला धक्का लागू नये. ज्या प्रोग्रॅमने फाइल जन्माला घातली त्यानेच जाताना ती पुसायची. "आपलं मढं शेजाऱ्याने का उचलायचं?" हा त्यावरचा सरांचा प्रश्न. देवाचं नाव द्यायचं नाही. मालकांनी एकदा नव्या सर्व्हरवरच्या पहिल्या फाइलला गणपतीचं नाव द्या म्हणून सुचवलं. सर म्हणाले, "चालेल. पुसायला तुम्ही येणार का?" मालकांनी विषय बदलला. विंचूरच्या एका वायनरीच्या मॅनेजरला सगळ्या फायलींना ग्रीक देवतांची नावं हवी होती. सरांनी त्याला फोनवर अतिशय आदराने विचारलं, "या बाई काम काय करतात?"

"टाकीचं तापमान ठेवतात, सर."

"मग टाकी म्हणूया का?"

रीत नुसती पाळून भागत नसे. प्रत्येक नव्या नावाचं बारसं व्हायचं. हेही विनोदाने नाही. शुक्रवारी जेवणानंतर सर डब्यातून उकडलेले हरभरे काढायचे. मीठ, खोबरं लावलेले, बारशाला वाटतात तशा घुगऱ्या. बाळ म्हणजे लॅपटॉप. बाळाच्या कानात आत्या नाव सांगते, आणि ऑफिसात बाई मी एकटीच, म्हणून आत्या मी. नाव सांगितल्यावर बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. ते धपाटे टेबलावर घालावेत असं सरांनी ठरवून दिलं होतं, "कारण हे ऑफिस आहे."

मला चार माणसांसमोर मोठ्याने बोलायची सवय नव्हती. मी नाव पुटपुटले की सर म्हणायचे, "आत्याचं मलाच ऐकू आलं नाही, बाळाला काय येणार?" मग मी पुन्हा सांगायचे. मग हरकती. प्रत्येकाने एक तरी हरकत घेतलीच पाहिजे असा नियम होता, नाहीतर हरभरे मिळत नसत. चष्मा एकदा म्हणाला, "सर, नाव फार लांब होतंय."

"तुझ्या लग्नपत्रिकेत बापाचं नाव छापणार की नाही?"

"छापणार."

"मग तेव्हा घे ही हरकत."

आम्ही मागे खूप हसायचो. दुसरा तर सरांची हुबेहूब नक्कल करायचा. पण इतर कंपन्यांतले आमचे मित्र रात्री-अपरात्री उठून 'हे कोणी लिहिलं, हे कोणाचं आहे' असं शोधत बसायचे, आणि आम्ही झोपलेले असायचो, हेही खरं. आमच्या सर्व्हरवर कुठलीही फाइल बेवारस नव्हती.

सरांच्या घरी मी एकदाच गेले, सत्यनारायणाच्या पूजेला. दारावर नावाची पाटीच नव्हती. सरांना विचारलं तर म्हणाले, "गल्लीत सगळ्यांना माहीत आहे." काकूंनी मला प्रसाद द्यायला आत नेलं आणि स्वयंपाकघरातली फळी दाखवली. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती: साखर, वरची फळी, चहा. साखर, वरची फळी, पाहुणे. आतली साखर एकच.

"आमच्या मुलाचं बारसं किती वेळा पुढे ढकललं माहितीये?" काकू म्हणाल्या. "कुठलंही नाव काढलं की हे म्हणायचे, गल्लीत एक आहे या नावाचा. शेवटी नणंदबाईंनी कंटाळून कानात सांगितलं काहीतरी, तेच राहिलं. पुण्याला त्याचे मित्र त्याला वेगळ्याच नावाने हाक मारतात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या मालकांना सांग हो, ह्यांना घरी नका पाठवू. रविवारचा एक दिवस घरी असतात, तर सोमवारी मला मोहरी सापडत नाही."

त्यांनी हे हसत सांगितलं, पण माझा हात सोडला नाही. त्यांना काहीतरी कुणकुण लागली असावी. मालकांना बारशाचा कंटाळा आला होता. नावं मशीननेच तयार करावीत, अक्षरं-आकडे मिसळून, कुणालाही न विचारता, असं त्यांच्या मनात होतं, आणि सरांच्या वयाचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात आता वारंवार यायला लागला होता. सरांना ते कळत होतं. ते एवढंच म्हणाले, "अनाथाश्रम काढायचा असेल तर काढा."

तेवढ्यात विंचूरच्या अलीकडचं ते प्रकरण झालं.

ते आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. दोन भाऊ, एक कोल्ड स्टोरेज, आठ चेंबर. त्या वर्षी भाऊ वेगळे झाले. जमीन वाटली, ट्रॅक्टर वाटले, कोल्डच्या मधोमध भिंत घातली. भिंतीत एक दार ठेवलं आणि त्याला दोन्ही अंगांनी कुलूप लावलं. सर्व्हर तेवढा कापता येईना, म्हणून बांधावरच्या आंब्यासारखा तो दोघांचा राहिला. थोरल्याकडे चेंबर एक ते चार, धाकट्याकडे पाच ते आठ. धाकट्यासाठी आम्ही सॉफ्टवेअरची दुसरी प्रत बसवली. रीतसर बारसं झालं, हरभरे झाले. आडनाव एक, गाव एक, पण नंबर वेगळे, म्हणून नावं वेगळी. सर समाधानी होते.

पुढचं आम्हाला कुणी सांगितलं नाही. आपला धंदा पाचापासून सुरू होतो हे धाकट्याला पटेना. त्याने पेंटर बोलावून आपल्या दारांवर एक ते चार आकडे रंगवून घेतले, आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथेही स्वतःच एक ते चार करून टाकले. झालं. प्रोग्रॅम दोन, पण आडनाव एक, गाव एक, नंबर एक, काम एक. फळा एकच.

बाकीच्या चेंबरांत दोन्हीकडे तापमान सारखंच होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण दोघांच्याही एक नंबरचा आकडा नाचायला लागला. शून्य, सहा, शून्य, सहा. ऐन द्राक्षांचा हंगाम. थोरल्यांचा मालकांना फोन आला, "धाकट्यानं तुमचा माणूस फोडलाय. बसल्या जागी माझा आकडा हालवतोय." त्यांचा फोन ठेवतात तोच धाकट्यांचा आला. शब्द जवळजवळ तेच, फक्त धाकट्याच्या जागी थोरला.

मालक सरांच्या टेबलापाशी आले. "सर, उद्या सकाळी थोरल्यांचा कंटेनर भरायचाय, आणि दोघंही म्हणतायत तुमचं मशीन उचलून न्या. आज हे मिटलं नाही आणि हे गिऱ्हाईक गेलं, तर मी तुम्हाला ठेवू शकणार नाही. स्पष्ट सांगतो. आणि तिथे ते बारसं-बिरसं नको."

"बघतो," सर म्हणाले, आणि हरभऱ्यांचा डबा पिशवीत घातला.

सर्व्हरच्या खोलीला दोन दारं होती, एक या बाजूने, एक त्या बाजूने. थोरले एका दारात उभे, धाकटे दुसऱ्या. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांना लगेच कळलं. त्यांनी दोघांना फळ्याचं उदाहरण देऊन सांगितलं: कुणी कुणाला फोडलेलं नाही, दोघं एकाच फळ्यावर लिहिताय. एका फळ्याचं नाव बदललं की झालं.

"मग त्याचं बदला," थोरले म्हणाले. "मूळ नाव माझं हाय."

"मूळ नाव बापाचं हाय," धाकटे म्हणाले. "ह्यांनी काय इकत घेतलं का?"

"पुन्हा पाच नंबर केला तर—"

"पाच नाय."

नाव सर्व्हरच्या पोटात दडलेलं असतं तर प्रश्न नव्हता. पण ते स्क्रीनच्या डोक्यावर दिसायचं आणि एक्स्पोर्टवाल्याला जाणाऱ्या तापमानाच्या रिपोर्टवरही छापून यायचं. नुसत्या आडनावाला शेपूट लावून घ्यायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं. सरांनी थोरले आणि धाकटे असं सुचवलं. थोरल्यांना ते लगेच पसंत पडलं. धाकटे म्हणाले, "एक्स्पोर्टवाला रिपोर्ट बघून म्हणंल, मोठ्या मालकाला बोलवा. नाय जमणार." पूर्व आणि पश्चिम सुचवलं, तर पूर्व दोघांनाही हवी होती. मला राहवेना. मी हळूच म्हणाले, "ए आणि बी?"

"बी कोण?" दोघांनी एकदम विचारलं. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं एकमत.

मालकांचा फोन आला. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "सर, काहीही टाका हो! एक्सवायझेड टाका! मशीनला काय कळतंय?"

"मशीनला नाही कळत," सर म्हणाले. "ह्यांना कळतं."

ऊन कलायला लागलं होतं. सर एका रिकाम्या क्रेटवर बसले. ते थकलेले दिसत होते, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आता सरांचं काही खरं नाही. त्यांनी पिशवीतून डबा काढला, आधी थोरल्यांपुढे धरला, मग धाकट्यांपुढे. दोघांनी हरभरे घेतले. तोंडात घास असताना माणसाला भांडता येत नाही. तेवढ्यात सरांनी विचारलं, "बहीण आहे का तुम्हाला?"

दोघं दोन दिशांना बघायला लागले.

"हाय," थोरले म्हणाले. "सिन्नरला दिलीये."

"तिला फोन लावा. बारशाला आत्या लागते." सरांनी माझ्याकडे बोट केलं. "ही आहे, पण ही ऑफिसची."

फोन लावायला कुणी पुढे होईना. वाटणीच्या वेळी बहिणीने हक्कसोड करून दिली होती, आणि त्यानंतर तिला कुणी फोन केला नव्हता. प्रत्येकाला वाटत होतं दुसरा करील. शेवटी धाकट्यांनी लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"आक्का, मी बोलतोय."

"कोण मेलं?" पलीकडून आवाज आला.

कोणी मेलेलं नाही हे तिला पटवण्यात थोडा वेळ गेला. मग सरांनी फोन हातात घेतला आणि तिला सगळं समजावून सांगितलं. सेन्सर, प्रोग्रॅम, फळा, काही गाळलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आडनावावरनं भांडत्यात," ती म्हणाली.

"हो."

"मग दोघांच्याबी नावातनं काढून टाका ना ते. माझ्या नावातनं लगीन झालं तवा काढलं. वाटणीला कागदावरनंबी काढलं. मी मेले का? दोन टायमाला भाकर गोड लागतीये मला."

थोरले हातातल्या हरभऱ्यांकडे बघत होते. पण सगळ्यांत जास्त धक्का सरांना बसला होता. "आडनाव काढायचं?" ते म्हणाले. "मग आधी काय?"

"भिंतीच्या त्या अंगाला काय होतं रे? थोरल्याकडं?" आक्का भावांना विचारत होती. "चिंच होती ना? आन धाकट्याकडं विहीर. आबा म्हणायचे, गुरं चिंचंखाली बांध."

"आक्का, चिंच तोडली," थोरले म्हणाले. लग्नकार्यात बोलावं तशा जपून आवाजात. "विहीर बुजवली. तवाच तर कोल्ड बांधलं."

"मग बरंच झालं. जे नाय त्याची वाटणी कोण मागतंय?"

सरांनी क्षणभर डोळे मिटले. मग मला म्हणाले, "आत्या, कर."

मी टाइप केलं. चिंच, गाव, चेंबर एक, तापमान. विहीर, गाव, चेंबर एक, तापमान. आक्का फोनवरून म्हणाली, "कोणी मोठ्यानं वाचा ना, मला काय दिसतंय इथून!" मी वाचलं. ऑफिसात कधी इतक्या मोठ्याने वाचलं नव्हतं. का कोण जाणे, पण तिला ऐकू जायला हवं असं वाटलं. आक्का फोनमध्ये 'कुर्रर्र' म्हणाली. सरांनी क्रेटवर एक धपाटा घातला. बाकी कुणी घातला नाही.

आकडे नाचायचे थांबले. विहिरीचा आकडा शून्यावर स्थिर झाला. चिंचेचा सहावर.

थोरले स्क्रीनवर वाकले. "हे परत बिघडलं."

"नाही," सर म्हणाले. "आता बरोबर झालंय."

थोरले धावतच चेंबरकडे गेले. आम्ही मागोमाग. त्यांनी दार उघडून खोक्यांवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. त्यांच्या चेंबरचं कूलिंग बिघडलेलं होतं, बहुधा बरेच दिवस. मधूनमधून दिसणारा शून्य धाकट्यांचा होता, आणि सहा दिसला की थोरले समजायचे, ही भावाची कारस्थानं. उद्याचा सगळा माल आत होता.

धाकटे लांब उभे होते. कुणाकडेही न बघता, भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "माझ्या तीन नंबरात जागा हाय."

फोन अजून चालूच होता. "काय झालं?" आक्का विचारत होती. "बोला ना रे कोणीतरी!" थोरल्यांनी खिशातून किल्ली काढली आणि भिंतीतल्या दाराचं आपल्या बाजूचं कुलूप काढलं. धाकटे वळसा घालून पलीकडे गेले. थोड्या वेळाने तिकडूनही कुलूप खडखडलं.

सरांनी हे पाहिलं की नाही, मला माहीत नाही. ते स्क्रीनसमोर परत जाऊन बसले होते. येताना गाडीत निफाड मागे पडेपर्यंत डबा मांडीवर धरून बसले होते. मग म्हणाले, "आडनावाशिवाय चाललं गं." घरातलं कुणी गेल्यावर बोलावं तसा आवाज होता.

मालकांनी दुसऱ्या दिवशी पेढे आणले. कंटेनर गेला, गिऱ्हाईक राहिलं, मशीन राहिलं. "सर, आता तुम्हाला कुठे जाऊ देत नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. चष्म्याने टाळ्या वाजवल्या. सरांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

"नियम मोडला तेव्हा काम झालं," ते म्हणाले. "म्हणजे नियम चुकीचा होता. आडनाव टिकतं असं मी धरून चाललो. टिकतं ते, पण एकाचं राहत नाही. आपल्या प्रत्येक सर्व्हरवर हाच घोळ तयार होऊन बसलाय. आज ना उद्या प्रत्येक घर फुटणार."

"फुटल्यावर बघू, सर," मालक म्हणाले.

"फुटल्यावर बघितलं तर काय होतं ते कालच बघितलं."

आणि सर गिऱ्हाइकांकडे जायला लागले. मालकांना वाटलं, हंगामानंतरची नेहमीची तपासणी. मी बरोबर असायचे, लॅपटॉप घेऊन. सर ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे, सर्व्हर बघायचे आणि मग सरळ विचारायचे, "तुम्ही भाऊ किती? वेगळं व्हायचं काही मनात आहे का?" दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मार खाल्ला असता. सर इतक्या तांत्रिक चेहऱ्याने विचारायचे की लोकांना आधी कळायचंच नाही. कळायचं तेव्हा आम्ही रस्त्याला लागलेले असायचो आणि मालकांचा फोन वाजायला लागलेला असायचा. एका घरी सुनेने हातातली चहाची बशी आमच्यासमोर न ठेवताच परत नेली. एका वायनरीत दोन भागीदारांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी वकील गाठला. सरांनी मात्र त्यांच्या सर्व्हरवर तोवर दोन वेगळी नावं करून ठेवली होती, आणि तिथे एकही आकडा नाचला नाही.

गिऱ्हाईक गेल्यामुळे सरांची नोकरी जाईल असं आम्हाला वाटलं होतं. ती गिऱ्हाईक राहिल्यामुळे गेली. आता मी पुण्यात आहे. इथे फायलींची नावं मशीनच तयार करतं, अक्षरं-आकडे मिसळून, आणि काही अडलं की आम्ही सगळे मिळून ती कुणाची आहे ते शोधतो. काकूंचा दिवाळीला फोन येतो. त्यांनी मोहरी आता शेजारणीकडे ठेवली आहे.

ज्या फोनने सरांची नोकरी गेली तो दिंडोरीकडच्या एका घरातून आला होता. छान घर होतं. तिथले थोरले ऐसपैस बसलेले, धाकटे त्यांच्या शेजारी, दोघांना एकाच कापडाचे शर्ट. सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. थोरले मोठ्याने हसले.

"आमच्यात तसलं काय नाय, सर. गाव राम-लक्ष्मण म्हणतं आम्हाला. विचारा ना ह्यालाच."

आणि त्यांनी हसत धाकट्या भावाकडे पाहिलं. धाकटे कपात बघत होते. आतल्या खोलीतला भांड्यांचा आवाज थांबला होता. थोरल्यांचं हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं, वाट बघत. धाकट्यांनी चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि तरी काही बोलले नाहीत.

सर त्यांच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आत्या, दोन नावं काढ."